ब्राउझिंग मना आहे

६ जाने., मंगळ.
वाचनालयात नवी पाटी. सचिव गुल्हानेकाकांनी (यापुढे गु.का.) स्वतः चिकटवली. इंग्रजीत: नो ब्राउझिंग, म्हणजे पुस्तकं चाळू नका. सीताबर्डीच्या एका पुस्तकाच्या दुकानात दिसली, आवडली, तशीच छापून आणली. दुकानदाराला फुकटे वाचक नको असतात, समजू शकते. आमच्याकडे काय विकत वाचतात?

रोख माझ्यावर. दिवाळीनंतर मी पुस्तकांच्या कपाटांची कुलपं काढली, तेव्हापासून त्यांचा बीपी वर आहे. आमची जुनी रीत अशी: वाचकानं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, ग्रंथपालबाईनं, म्हणजे मी, कुलूप उघडून ते काढून द्यायचं. काचेतून बघा, हात लावू नका.

७ बुध.
वंदना आली. धंतोलीच्या एका दवाखान्यात आया आहे, ड्यूटी सुटली की येते. कुलपं होती तेव्हा काचेला नाक लावून उभी राहायची. कोणतं देऊ विचारलं, तर म्हणाली, "नाव मले काय माहीत, मॅडम? पाहू तं द्या." त्याच दिवशी कुलपं निघाली.

आता एक काढते, दोन पानं वाचते, ठेवते, दुसरं काढते. आज विहिरींवरचं पुस्तक घेऊन गेली. चिठ्ठीवर ते नाव तिनं जन्मात लिहिलं नसतं.

१० शनि.
पाटीचा राग जाईना. मोठी इंग्रजी डिक्शनरी काढली. ब्राउझ. मुळात जनावरांचा शब्द निघाला! झाडाझुडपांचा कोवळा पाला, शेंडे खात फिरणं. जुन्या फ्रेंचमधून आलेला, तिथे अर्थ कोवळा कोंब. पुस्तकं चाळणं फार नंतरचं, फोनमधला ब्राउझर तर परवाचा. गवत चरायला वेगळा शब्द आहे. म्हणजे गाय नव्हे, शेळी.

शेळ्यांतच वाढले मी, गावी, कुहीला. आईला फोन लावला. शेळीला पाला आयता टाकला तर? "टाकते न वं. पण पायाखाली आला का तोंड नाही लावत. मागच्या पायावर उभी राहून बोरीचा शेंडा तोडते, थोच गोड लागते तिले. तू काहून इचारून राहिली?"

ऑफिसचं काम म्हटलं. खोटं नाही.

१२ सोम.
गु.का. मोजणी करून गेले. काही पुस्तकं सापडत नाहीत. "म्हटलं होतं न शोभाबाई, उघडं ठेवलं का लोक नेतेतच."

गेली असतील. वाईट वाटलं, त्यातलं एक माझं आवडतं होतं. पण खालचा अख्खा कप्पा कसरीनं खाल्ला, तो कुलपात असताना. तेव्हा मोजायला कोणी आलं नाही. चोरानं निदान वाचायला नेलं असेल. हे मी त्यांच्या तोंडावरच बोलले. मग ते म्हणाले, रविवारी समितीसमोर बोला.

१४ बुध., संक्रांत
गु.का. घरी. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातानं निरोप: सोमवारपासून कुलपं, नाहीतर दुसरी बाई बघू. वर गोड बोला म्हणाले. गोडच बोलले. म्हटलं, मी लावणार नाही. तिळगूळ खाल्ला, चांगला होता.

नोकरी गेली तर या वयात कोण ठेवणार मला? भीती वाटते. लिहून टाकलं, बास.

१८ रवि.
मीटिंग. शेळीचं सांगितलं. एकानं विचारलं, म्हणजे आपले वाचक शेळ्या का? म्हटलं हो, आणि मी शेळीवालीची पोरगी. सगळे हसले. मग मी विचारलं, जे पुस्तक जगात आहे हेच माहीत नाही, ते माणूस चिठ्ठीवर कसं लिहील? त्यावर कोणी हसलं नाही. हात वर केले, ठराव पास. कुलपं.

मूर्ख लोक. चहा मात्र मलाच करायला लावला. साखर कमी घातली.

१९ सोम.
पाटी काढली, कपाटं सताड उघडली. दुपारी गु.का. नवी कुलपं पिशवीत घेऊन हजर. पहिल्याच कपाटाशी वंदना, एक पुस्तक बगलेत, एक हातात.

"बाई, सरका."

"हे पाहतो अन् सरकतो, काका."

ते ठेवलं, दुसरं काढलं. गु.कां.ना बाईमाणसाला हटवता येईना. माझ्याकडे वळले, "सांगा न तिले."

"मी नाही सांगत."

तेवढ्यात पेपरच्या टेबलावरची म्हातारी मंडळी उठली. कधी पेपरापलीकडे न गेलेली. एकेका कपाटापुढे जाऊन उभी राहिली. एकानं पाककृतींचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि खरंच वाचायला लागला.

गु.का. माझ्या खुर्चीत बसलेत, कुलपं मांडीवर. मी खिडकीत बसून हे लिहितेय. बंद करायची वेळ होऊन गेली. कोणी हलत नाही, मीही सांगत नाही. वंदनानं आत्ता आणखी एक काढलं.