सकाळचा की संध्याकाळचा

नाशिक, मंगळवार, १२ मार्च १९८५

उद्या वन्संना सांगायचंय, व्यायामाचा कुठला वर्ग धरणार ते. हे गेल्यापासून मी घराबाहेर पडत नाही, म्हणून त्यांनीच दोन्हीकडे बोलून ठेवलं. "वहिनी, आवडेल तो निवडा, पण निवडा." आवडेल तो! मला हल्ली चहात साखर आहे की नाही तेही कळत नाही.

आज दोन्ही एकेकदा करून पाहिले. सकाळचा वर्ग योगासनांचा. शांत, प्रत्येकीची सतरंजी वेगळी. शवासनात बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बघा, यांना किती छान जमलंय." जमणारच. दिवाळीपासून दुसरं काय करतेय मी?

संध्याकाळचा शाळेच्या हॉलमध्ये. टेपवर कर्कश गाणी, उड्या, खिदळणं. डोकंच उठलं. मग उताणं पडून उठून बसायचं, आणि जोडीदारणीने पाय धरायचे. माझ्यापुढे अंबडच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई बसली. "ताई, घट्ट धरू ना?" मी मान हलवली. तिने दोन्ही घोटे गच्च धरले.

योगासनंच बरी. गाणी नाहीत, कुणाशी बोलायला नको. वन्संना तसंच सांगावं.

पण किती गच्च धरले होते तिने! हात खरखरीत, गरम. मला एकदाही उठता आलं नाही, तरी सोडले नाहीत. एवढी माणसं भेटून गेली, सगळी समोर खुर्चीत बसून. इतक्या महिन्यांत मला कुणी हात लावला होता का? आठवत नाही.

शिट्टी झाली. बाकीच्या उठल्या.

"ताई, सोडू?"

"नको," म्हणाले मी.