भोंग्यावरची जिलेबी

५ जानेवारी
आजपासून गावाचा भोंगा माझ्या ताब्यात. संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही-मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला, असा ग्रामसभेचा ठराव. पण पाळतंय कोण? मी मानसशास्त्राचा प्राध्यापक (तासिका तत्त्वावर). रशियात एका शास्त्रज्ञाने कुत्र्याला घंटेबरोबर खाणं दिलं, पुढे नुसत्या घंटेने त्याची लाळ गळू लागली. आपण भोंग्याबरोबर जिलेबी द्यायची. मग जिलेबी बंद, अभ्यास चालू! कराडच्या गाईड विजयमाला मॅडम म्हणाल्या, पोरं अभ्यासाला बसलेली दाखवा, तरच पीएच.डी. दाखवणारच.

९ जानेवारी
देवळाच्या ओट्यावर सगळी पोरं हजर. पुस्तक एकानेही आणलं नाही, ताटल्या सगळ्यांनी. पुस्तक ही किरकोळ बाब. लर्निंग सुरू झालंय.

१४ जानेवारी
आता बापेही येतात. म्हातारे हरिबा अण्णा म्हणाले, "मास्तर, भोंगा वाजला की तोंडाला लय पाणी सुटतंय. दात न्हाईत, तरीबी." मला भरून आलं.

१८ जानेवारी
जिलेबी बंद. लोक ताटल्या वाजवत उभे. बायको रेश्मा म्हणाली, "आवं, अभ्यास केल्यावर कवा दिली तुमी जिलेबी? आल्यावर दिली. ती येत्यात." तिचं कॉमर्स झालंय. सोडून दिलं.

२२ जानेवारी, रात्री
उसात बिबट्या दिसला. सरपंच सयाजीराव म्हणाले, भोंगा वाजवा, लोक घरात बसतील. वाजवला. सगळं गाव ताटल्या घेऊन ओट्यावर! पाक चाटायला मिळेल या आशेने गावची कुत्रीही. बिबट्याने नेमकं सरपंचांचं कुत्रं उचललं. सरपंच मला नाही नाही ते बोलले. चूक कुत्र्याची. जिलेबी बंद होऊन चार दिवस झाले होते.

२६ जानेवारी
प्रयोगात खंड नको म्हणून भोंगा रोज वाजवतोय. कुत्री सवयीने येतात. बिबट्याही येतो. काल तर भोंगा संपायच्या आत आला.

३१ जानेवारी, सात वाजून वीस मिनिटं
मॅडम बघायला आल्या. भोंगा वाजला. दारं बंद, टीव्ही बंद, खिडक्यांतून पाहावं तर घराघरात पोरं पुस्तकात डोकं घालून! मी विजयाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम गाडीची काच न उतरवता म्हणाल्या, पोरं बिबट्याला भिऊन बसलीत. तुमच्या पद्धतीने शिकला तो एकटा बिबट्या. पीएच.डी. हवी असेल तर त्याची रोज जवळून निरीक्षणं घ्या. आणि गेल्या.

सरपंचांनी जाहीर केलंय, परीक्षा होईपर्यंत बिबट्याला कुणी हुसकायचं नाही.

रेश्माने आतून कडी घातलीय. मी घरात आहे. पीएच.डी. बाहेर ओट्यावर बसून पंजा चाटतेय.