माझ्या फोटोची सोनेरी फ्रेम

अमरावती,
गुरुवार, दुपारचे तीन

तीर्थस्वरूप बेबीताईस,

धाकट्या वामनचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या श्रावणने आणून दिलेलं कानाचं यंत्र घालतेस, की अजून डबीतच जपून ठेवलं आहेस? (फोन सोडून पत्र लिहितोय ते त्याच यंत्रापायी. मी फोनवर सांगितलेलं तू मोठ्याने परत विचारून खात्री करून घेतेस. मागच्या खेपेस माझ्या पोटाची तक्रार अर्ध्या अकोल्याला कळली.)

इकडे सगळं ठीक आहे. हृदयाची एक झडप आखडली आहे, ती बदलायची आहे. महिन्यापूर्वी नागपूरला दाखवून आलो. डॉक्टर फार गोड माणूस. म्हणाला, काळजीचं काही कारण नाही काका, फक्त छाती उघडावी लागेल. शंभरातली पाच-सात माणसं टेबलावरून उठत नाहीत, हेही त्याने तितक्याच गोडीने सांगितलं. तारीख पुढच्या बुधवारची आहे. परतताना एसटी तिवश्याला थांबली, तिथे चहाच्या टपरीत मालकाच्या बापाचा फोटो होता. धुराने इतका काळवंडलेला की मिशी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते कळेना. चहा तसाच ठेवला. मरणाची भीती नंतर वाटली ताई, आधी फोटोची वाटली.

तुला आमच्या साधनाची फ्रेम आठवत असेल. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा किशोरने पुण्याहून येताना आईसाठी आणली होती. प्लास्टिकची, सोनेरी रंगाची, कोपऱ्यांत लुकलुकणारे लाल दिवे. साधना जन्मभर हारांच्या दुकानात शेवंती-निशिगंध ओवत बसली आणि आता लॉटरीच्या दुकानासारखी चमकते आहे. रंगाचे पोपडे निघतात ते वेगळंच. पोराने प्रेमाने आणली म्हणून काढवत नाही. पण आपल्यालाही तो अशीच आणणार हे मला दिसत होतं. म्हणून ठरवलं की आपली फ्रेम आपणच करायची, सागवानी लाकडाची, वर्ख चढवलेली. आधी माझी करायची आणि हात बसला की साधनाची. पहिल्या हाताने तिची बिघडवायची नव्हती.

आमच्या समोरच्या घरातली रागिणी (तिवारी मास्तरांची सून, पोरगी हुशार आहे) शनिवार-रविवार घरीच वर्खकामाचा क्लास घेते. आठ बाया आणि मी. बाया दिवे, ट्रे, रुखवताच्या सुपाऱ्या असलं काहीबाही सोनेरी करायच्या. मी विचारणाऱ्याला देव्हाऱ्याची चौकट म्हणून सांगितलं. काम दिसतं सोपं. लाकूड घासायचं, तांबडा रंग द्यायचा, वर गोंद लावायचा, आणि गोंद सुकूही द्यायचा नाही आणि ओलाही ठेवायचा नाही. बोट टेकवून उचललं की नुसता टिक् असा आवाज यायला पाहिजे. मग वर्ख ठेवायचा. (सोन्याचा नाही, पितळेचाच. माझं तोंड सोन्याच्या लायकीचं कधीच नव्हतं.) हा वर्ख इतका हलका की माणसाने श्वास सोडला तरी उडून जातो. म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद, बोलणं बंद. अमरावतीत, मे महिन्यात! आठ बायांनी दोन तास न बोलता काढले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आता काहीही बघायचं राहिलं नाही.

वर्ख हाताने उचलायचा नसतो. मऊ ब्रश गालावरून फिरवायचा, गालाचा किंचित तेलकटपणा त्याला लागतो आणि वर्ख त्याला चिकटून येतो. किंचित, असं रागिणी म्हणाली होती. पण मी साठ वर्षं सकाळी उठून डोक्यावर वाटीभर तेल थापणारा माणूस, दहा वाजेपर्यंत ते हनुवटीला आलेलं असतं. ब्रश तेल प्यायला आणि वर्ख फ्रेमवर बसायचा सोडून माझ्या गालावर बसला. रागिणी म्हणाली, "काका, तुमी तं सोताच सोन्याचे होऊन राहिले." बाया हसल्या, आणि त्या वाऱ्याने वर्खाची चार पानं उडाली.

असो. मागच्या रविवारी फ्रेम पुरी झाली. खरंच चांगली झाली ताई. आत माझा फोटो बसवला, भिंतीला लावला. आता आपण हाराच्या धंद्यातली माणसं. फ्रेम काय, माणूस काय, त्याला हार किती लांबीचा लागेल हे आधी डोळ्यांत येतं. हाराने वरचे दोन्ही कोपरे झाकले तर महिन्याची मेहनत कोणाला दिसणार? म्हणून दुकानातला एक हार आणून घालून पाहिला. अडीच हाती झाकतो, दोन हाती नाही झाकत. लिहून ठेव, दोन हाती. मग हार तसाच ठेवून खालच्या पट्टीला राहिलेलं वॉर्निश दिलं, धूळ बसू नये म्हणून दार-खिडक्या लावल्या आणि खाली चटईवर पडलो. डॉक्टरच्या गोळीने झोप फार येते.

आमचे शेजारी नत्थुजी ताक मागायला आले. दार वाजवलं, ओ नाही. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर भिंतीवर हार घातलेला फोटो आणि खाली उताणा मी. त्यांनी तिथूनच गळा काढला. मी जागा झालो तेव्हा अंगणात पंधरा माणसं होती आणि बांबू कुठे चांगले मिळतात यावर बोलणं चाललं होतं. (दाराला आतून कडी, आत माणूस एकटा मेलेला, मग फोटोला हार घातला कोणी, हे पंधरांपैकी एकालाही सुचलं नाही.) मी जरा वेळ दारामागे उभा राहून ऐकलं. आपल्याविषयी चांगलं ऐकायची एवढीच संधी असते. कोणी म्हणालं, माणूस सरळ होता, फक्त सुटे पैसे देत नसे. मग माझ्या दुकानासमोरचे हारवाले किसनराव आले, हार घेऊन. फटीतून दिसला, कालचा होता, पाणी मारून ताजा केलेला. तीस वर्षं समोरासमोर धंदा केला, आणि माझ्या मढ्यावर शिळा हार! मग मात्र मला राहवलं नाही, दार उघडलं. गालावर सकाळचा वर्ख तसाच होता. किसनराव पायरीवरून खाली गेले आणि अजून लंगडतात.

पण नत्थुजींनी तोवर किशोरला फोन करून टाकला होता. पोरगा रडला म्हणे. (मी नत्थुजींना दोनदा विचारलं, खरंच रडला का. हो म्हणाले.) मी येईपर्यंत नेऊ नका, असं सांगून त्याने साहेबाकडे रजा टाकली आणि बॅगही भरली. मग मी फोन घेतला. मला वाटलं, आता निघालाच आहे, तर त्याला बुधवारचं सांगून टाकावं. अजून सांगितलं नव्हतं. पण त्याआधीच तो म्हणाला, "बाबा, ऑफिसात आता काय तोंड दाखवू? बाप मेला म्हणून रजा घेतली मी." त्याचंही खरं आहे. रविवारी मेलेल्या बापाचं पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे, हे कोणत्या साहेबाला पटेल? मी म्हटलं, तू जप बेटा, इथे सगळं ठीक आहे. त्याने बॅग परत रिकामी केली.

साधनाची फ्रेम घासून ठेवली आहे, तांबडा हातही दिला आहे. वर्ख राहिला. श्रावणला आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार. उन्हात बाहेर पडू नकोस.

तुझा,
वामन

ता. क. — उन्हात बाहेर पडू नकोस असं लिहिलं, ते मंगळवार सोडून.

ता. क. दुसरा — नागपूरच्या दवाखान्याच्या संमतीच्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. नत्थुजी तयार आहेत, पण मी जिवंत आहे हे ओळखायला ते चुकले, त्यांच्या सहीवर माझा भरवसा नाही. तू मंगळवारी सकाळच्या गाडीने ये. श्रावणला घेऊन ये, नाहीतर एकटी ये. मी स्टँडवर उभा राहीन. वर लिहिलं की मला फोटोची काळजी आहे, ते खोटं आहे. एक महिना मी पंखा बंद करून बसलो, कारण वर्ख लावताना दुसरं काही मनात येत नाही. काल साधनाच्या फ्रेमला तांबडा हात दिला, तो सुकेपर्यंत आज सकाळपासून हात रिकामे आहेत. ताई, मले लय भेव लागून राहिलं. तू ये.