मानेतली धग

१२ नोव्हेंबर २०२४

आज सकाळी शब्द गेले.

दाढी करता करता चौथीतली ओढ्याची कविता म्हणत होतो — रोजचीच. दुसऱ्या कडव्यापाशी आलो आणि पुढचं येईना. आठवत नव्हतं असं नाही! सगळं समोर दिसत होतं — ओढा, काठावरची पोरं, कवितेच्या डोक्यावरचं ते काळं चित्रसुद्धा. फक्त तोंडातून निघेना. गोपिकेला हाक मारायला गेलो तर नुसतंच ‘ग... ग...’. हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला.

ती कमरेवर हात ठेवून दारात उभी. “अवो, काहून नकला करून राहिले सकाळी सकाळी?” मग माझं तोंड पाहिलं आणि ओरडलीच — “ऋषी, धाव रे बाप्पा! तुह्या बाबाले पाय काय झालं!”

चहा उकळून निवायला लागतो तेवढा वेळ हे चाललं असेल. मग शब्द आपले आपण परत आले. पहिला आला तो ‘पुरे’. का कोण जाणे.

१३ नोव्हेंबर

दिवसभर हॉस्पिटल. थकलो. लिहवत नाही.

१५ नोव्हेंबर

सोनोग्राफीचा निकाल. मानेत जिथे बोट ठेवलं की ठोका लागतो, ती डावीकडची नस — मेंदूकडे जाणारी — तिच्यात आतून थर साचला आहे. चरबीचा, चुन्याचा. त्याला प्लाक म्हणतात. त्यातलाच एखादा कण सुटून वर गेला असावा, म्हणून वाचा बसली.

सर्जन म्हणाले, “नस अर्धी बंद आहे. पार चोंदली असती तर उघडून साफ केली असती. थोडीशीच असती तर गोळ्यांवर सोडलं असतं. तुमचं नेमकं मधलं निघालं, काका.”

माझं सगळंच मधलं! मॅट्रिकला सेकंड क्लास. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक — ना इंजिनिअर, ना पाटकरी. आता नसही मधलीच.

उघडली तर साफ करतानाच कण सुटायची भीती — जीव वाचेल, बोलणं कायमचं जाईल. नाही उघडली तर तोच कण स्वतःच्या मर्जीनं सुटेल. ऋषी म्हणतो, “बाबा, करून मोकळे व्हा.” गोपिका म्हणते, “मानेले सुरी लावू देणार नाही मी.” दोघं माझ्या डोक्यावरून भांडतात, मी सोफ्यावर.

मरणाचं मला तेवढं नाही. पण मुकं होऊन जगायचं? माझ्याजवळ दुसरं आहे काय? शाळेतल्या कविता — तेवढ्याच. आणि त्या मनातल्या मनात म्हणून भागत नाही. कविता ओठांना लागावी लागते.

१९ नोव्हेंबर

आज एक बरी मुलगी भेटली. डॉ. अबोली. अशा नसांवरच संशोधन करते. आतल्या खोलीत बसवून समजावून सांगितलं, अगदी वर्गात सांगावं तसं.

म्हणाली, “काका, नस किती बंद आहे यावर सगळं ठरत नाही. काही थर दगड होऊन वर्षानुवर्षं पडून राहतात, कुणाला त्रास नाही. काही बारकेच असतात, पण त्यांच्या पोटात पेशी मरत असतात. ते फुटतात.”

मी विचारलं, आत काय चाललंय ते बाहेरून कसं कळणार?

तिने जे सांगितलं ते मी घरी येताना रिक्षात तीनदा घोकलं. मरायला लागलेली पेशी आपलं आतलं अस्तर बाहेर काढते — अंगरखा उलटा घालावा तशी. त्या अस्तरालाच चिकटणारं एक प्रथिन असतं. त्याला किरणोत्सारी पदार्थाचा कणभर अंश जोडायचा, इंजेक्शनने अंगात सोडायचं, आणि काही तासांनी कॅमेऱ्याखाली निजायचं. जिथे मरण चाललेलं असेल तिथे चित्रात ठिपका पेटतो. काय कल्पना आहे! आयुष्यभर वाटायचं, मरण म्हणजे विझणं. इथे ते पेटतं.

“हे अजून अभ्यासापुरतंच आहे हं,” ती म्हणाली. “सर्जन एवढ्यावर ठरवणार नाहीत. पण तुमच्यासारख्या मधल्या केसमध्ये पारडं झुकू शकतं. पेटलेलं दिसलं तर ऑपरेशनकडे, नाही तर गोळ्यांकडे.”

मला कालवाच आठवला. गाळाने अर्धा भरलेला कालवा वाहत राहतो बिचारा. फुटतो तो भराव जिथे आतून भिजलेला असतो तिथे. वरून छान गवत असतं.

२० नोव्हेंबर

दुपारी झोपलो, संध्याकाळी उठलो. दिवस कुणी नेला?

२३ नोव्हेंबर

सह्या करायला गेलो. गोपिका बरोबर. अबोलीची एक अडचण निघाली — तुलनेसाठी तिला याच वयाची, काही त्रास नसलेली माणसं हवीत, आणि म्हातारी माणसं कॅमेऱ्याचं नाव काढलं की पळतात. गोपिका ऐकत होती. मध्येच म्हणाली, “माझा काढ वं फोटो.”

मी म्हटलं, तुला काय करायचं?

“सत्यनारायणाले जोडीनं बसतो ना आपण? मंग इथं एकटे काहून बसता? एकट्यानं केलेलं लागत नाही.”

अबोली हसायला लागली. “काकू, ही पूजा नाही हो.”

“पूजा नाही तर काय झालं? हेबी बसणंच हाय ना.”

मग अबोलीने तिला प्रश्न विचारले — कधी चक्कर? हातपाय सुन्न? बोलताना अडखळणं? दिसण्यात काही फरक? मीच सांगून टाकलं, हिला काही नाही, ठणठणीत आहे, तीन मजले चढून पाण्याची टाकी बघून येते. अबोली म्हणाली, “काकूंना बोलू द्या ना, काका.” गोपिका म्हणाली, “यायनं सांगितलं तेच.”

झालं. तिचीही सही.

२७ नोव्हेंबर

जोडीनं बसलो! म्हणजे निजलो — एकामागून एक.

सकाळी इंजेक्शन. मग बाकावर नुसतं थांबायचं. गोपिकेने डब्यातून पोळीचा लाडू काढला, शेजारच्या बाईला अर्धा दिला आणि तिच्या सुनेची सगळी हकिकत काढून घेतली. मी डोळे मिटून बसलो. शाळा आली समोर. पत्र्याचं छप्पर, थंडीत गुरुजी वर्ग बाहेर उन्हात न्यायचे. सगळे एका सुरात कविता म्हणायचो, आणि शेवटची ओळ संपली की सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघायची. ती वाफ मला कवितेचाच भाग वाटायची. त्यातले किती राहिले आता?

गळ्यातलं काढायला लावलं तेव्हा वाटलं, आता ही अडून बसणार. पण हिने घरूनच पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून आणलेलं! दोरा गळ्यात बांधला, मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. “खिशात ठेवा. इकडंतिकडं विसरान नाही तर.”

मी आत पडलो. कॅमेरा मानेभोवती सावकाश फिरतो. हलायचं नाही, बोलायचं नाही. मुकं होऊन राहण्याची तालीमच. मनात ओढ्याची कविता सुरू केली. बोललो नाही, पण येत होती.

१ डिसेंबर

निकाल नाही. वाट बघणं म्हणजेच म्हातारपण, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मानेला हात लावून बसतो. आत काही जळतंय का? गोपिका चिडते. “तिथं काय चाचपून राहिले घडीघडी? अंडं उबवता का?” ऋषी मिहानमधल्या नोकरीवरून दमून येतो, तरी रोज विचारतो, बाबा, आज नीट बोलता का? मी म्हणतो, आज नीटच बोलतो. त्याच्याजवळ ऐकायला वेळ असता तर आणखी नीट बोललो असतो. पण हे इथेच.

वाडीकडे जाणारे ट्रक रस्त्याने चाललेत. त्या आवाजाचाही कंटाळा आला. सगळ्याचाच आला आहे. एकेक पेशी अस्तर उलटून बसली असेल, आणि मी इथे चहा पितो.

४ डिसेंबर

अबोलीचा फोन. उद्या दोघंही या म्हणाली. आवाजावरून समजलो.

ठरवलं. पेटलं असेल तर उघडून घ्यायची. घाबरत घाबरत बोलण्यापेक्षा एकदा काय ते होऊन जावं. ऋषीला सांगितलं, त्याने नुसती मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. कधी नव्हे तो.

गोपिकेला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, माझं बोलणं गेलं तर कविता कुणाजवळ तरी राहायला हव्यात. तू ऐक. म्हणाली, “मले काय पाठ होते आता? चौथीतून तं बकऱ्या राखाले लावलं मले.” तरी ऐकत बसली. मी सुरू केल्या — ओढ्याची, चिमणीची, त्या आंधळ्या हत्तीवाल्याची. काडी काडी मेथी निवडत होती. एका ठिकाणी मी अडखळलो — भीतीनेच बहुतेक — आणि ती खाली मान घालूनच पुढची ओळ म्हणाली!

मी विचारलं, तुला कशी येते?

“रोज दाढी करताना कोकलता,” ती म्हणाली. “बहिरी आहो काय मी?”

मग तीच म्हणत गेली. चालीत नाही, सपाट, भाजीचा भाव सांगावा तशी. पण एक ओळ चुकली नाही. आता खुशाल उघडा माझी नस.

५ डिसेंबर

माझी नस गार निघाली. डावी, उजवी, दोन्ही. जुना दगड आहे, अबोली म्हणाली, गोळ्या पुरतील बहुतेक.

मी उठायला लागलो. ती म्हणाली, “काका, बसा.” दुसरं चित्र लावलं. मानेच्या उजव्या बाजूला लालभडक ठिपका. वर नाव गोपिकेचं.

“काकू, याच नसेतून उजव्या डोळ्याला रक्त जातं. त्या डोळ्यासमोर कधी अंधार येतो?”

“येते ना. पडदा पडल्यावानी. मंग जाते.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

मी तिच्याच भाषेत विचारलं, काहून नाही सांगितलं?

“सांगणारच होती. मंग तुमचं निघालं.”