निळा बॉल धुऊ नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा बोलिंगच्या बॉलना बोटांची भोके पाडणे व त्यांची कव्हरे, म्हणजे बाहेरचे कवच, घासणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. मी रागात आहे हे खरे. पण राग आणि वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे डॉक्टरांनीच सांगितले, तेव्हा उद्या कोणी त्या वाटेने जाऊ नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी दोनदा "जरा सौम्य लिहा हो," म्हणाली, तो दबाव मी मानलेला नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावाचा उल्लेख चांगल्या शब्दांत आला होता.

१. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत असेल ते सर्व पत्नीचे. तिने माझ्याबरोबर सेहेचाळीस वर्षे काढली आणि त्यातली एकोणीस वर्षे दोन न बोलणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून काढली. याची भरपाई घराने होत नाही, हे मला कळते.

२. मागच्या खोलीतील भोके पाडायचे मशीन, घासायचे चक्र आणि सगळी गिरमिटे नव्या हॉलमधल्या कारागीर बाईंना द्यावीत. अट एकच. गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी आधी त्याचा हात मापायचा, मग बॉलला हात लावायचा. अंगठ्याचे भोक सैल ठेवून "सवय होईल" म्हणणाऱ्या कारागिराला हे मशीन वापरायचा हक्क नाही.

३. माझ्याकडे चार बॉल आहेत. ते कोणाला द्यायचे हे सांगण्याआधी त्यांची कव्हरे समजावून सांगतो, कारण माझ्या घरातल्या माणसांनीसुद्धा चाळीस वर्षे "बॉल म्हणजे बॉल" एवढेच ऐकून घेतले.

बॉल टाकायची लांब पट्टी म्हणजे लेन. तिच्या पुढच्या भागात तेल असते, शेवटचा भाग कोरडा असतो. बॉल तेलावर घसरतो आणि कोरड्यावर पकडतो. कधी पकडतो, हे कव्हर ठरवते. प्लास्टिकचे कव्हर जवळजवळ पकडतच नाही, सरळ जाते. एकटा उरलेला पिन उडवायला ते बरे. युरेथेनचे लवकर पकडते आणि संथ वळते. रेझिनचे कव्हर तेल पिते, कोरड्यावर पोचले की एकदम वळते आणि पिनांत घुसते. त्यातही रेझिन घासून खरखरीत केले तर ते आधीच पकडते. पॉलिश केले तर लांबवर घसरत जाऊन उशिरा वळते. माझा सगळा धंदा एवढ्याशा फरकावर चालला. कारागिराचे काम बॉल फेकण्याआधीच झालेले असते आणि खेळणाऱ्याला ते दिसतही नाही.

युरेथेनचा हिरवा बॉल डॉक्टरांना द्यावा. संथ वळणारा आहे, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल. रेझिनचा करडा बॉल आता तेल पिऊन मेला आहे. भोकांना चिकटपट्टी लावून, कोमट पाण्यात बुडवून मी त्याचे तेल तीनदा काढले, तरी त्यात जीव आला नाही. तो माझ्या खोलीच्या दाराला अडसर म्हणून राहू द्यावा.

४. प्लास्टिकचा पिवळा बॉल धाकट्या भावाला द्यावा. वाटेत काहीही आले तरी तो कशाला धरून राहत नाही आणि सरळ निघून जातो. भावाला तो ओळखीचा वाटेल.

त्याच्याबरोबर एक नवे कोरे रबर द्यावे. बॉल वर उचलून परत पाठवणारे जे चाक असते, त्याला बसते तसले. हे रबर एकोणीस वर्षे उशिरा पोचते आहे. का, ते पुढे येईल. जुन्या हॉलच्या मशीनची देखभाल त्याच्याकडे होती आणि माणसाने पगार ज्याचा घेतला ते काम करायचे असते. मी हे तोंडावर सांगितले असते, पण त्याच्यापुढे बोलायला लागलो की तो "दादा, जाऊ दे ना आता" म्हणतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी जाऊ देत नाही. मेल्यावरही देणार नाही.

५. निळा बॉल माझ्या मुलीचा. पत्नीच्या कपाटात सर्वांत खालच्या कप्प्यात, पांढऱ्या कापडात आहे. तो कोणीही धुऊ नये, पुसू नये, घासू नये. आहे तसा तिच्या हातात द्यावा.

मुलगी डावरी. हॉलमध्ये सगळे तिला डावरीच म्हणायचे. बावीस वर्षांची असताना ती मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचली, आमच्याच हॉलमध्ये, सात नंबरच्या लेनवर. निळ्या बॉलचे रेझिन मी स्वतः आरशासारखे पॉलिश केले होते. पहिला डाव तिने सहज घेतला. दुसऱ्या डावात बॉल आधीच पकडायला लागला आणि दोन टोकांना पिन उभे राहायला लागले. पंचाने बॉल हातात घेतला, त्यावर नख फिरवले आणि म्हणाला, "हा घासलाय." खेळ सुरू झाल्यावर कव्हर घासणे नियमात बसत नाही. त्याने विचारले, हॉलच्या मागच्या खोलीत कोण होते? माझा भाऊ पुढे होऊन म्हणाला, "दादा बॉल घेऊन बसला होता. हातात घासायची जाळी होती बहुतेक."

माझ्या हातात कापड होते. मी बॉल पुसत होतो. त्या "बहुतेक"वर माझी मुलगी बाद झाली.

बाहेर गाड्यांपाशी सगळ्यांसमोर तिने मला विचारले, "बाबा, तुम्ही घासला का?"

माझ्या पिशवीत घासायची जाळी नव्हती, हे मी नुकतेच पाहिले होते. मला वाटले, हिनेच घेतली, हिनेच घासला आणि आता लोकांसमोर माझ्यावर ढकलते आहे. मी म्हणालो, "मला काय विचारतेस? स्वतःला विचार."

त्यानंतर ती कधी खेळली नाही. घरी येते, आईशी बोलते, मला "तब्येत कशी आहे" विचारते. मी "ठीक" म्हणतो. जाळी आठ दिवसांनी गाडीच्या सीटखाली सापडली. तेव्हाही मी म्हणालो, बघा, लपवून ठेवली होती. इतका मी शहाणा.

६. चार महिन्यांपूर्वी जुना हॉल पाडला. सात नंबरचे चाक मी भंगारवाल्याकडून मागून आणले, निव्वळ आठवण म्हणून. त्याच्यावर रबर नव्हतेच, उघडी लोखंडी कड होती. दांड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी तारेने बांधली होती. अक्षर माझ्या भावाचे: "रबर गेले. स्पर्धेनंतर बदलू." तारीख स्पर्धेच्या आधीची.

मी निळा बॉल काढून त्या चाकावर धरला. हाताने घासलेल्या बॉलवर चरे सगळीकडून, एकमेकांवर आडवेतिडवे असतात; मी सहा बाजूंनी घासतो, तीही मीच शिकवल्याप्रमाणे सहाच बाजूंनी घासायची. इथे एकच पट्टा होता, सगळे चरे एका दिशेचे, बरोबर त्या कडेच्या रुंदीचे. दर फेकीला चाक तिचे पॉलिश खरवडत होते. भावाला हे ठाऊक होते. स्वतःचे पाप झाकायला त्याने भावाला आणि पुतणीला पुढे केले. त्याला मी क्षमा करत नाही, आणि हे वाक्य कोणी खोडल्यास संपूर्ण मृत्युपत्र रद्द समजावे.

पंचांना माझ्याकडून पॉलिशची एक बाटली. नख फिरवून झाले की बॉल डोळ्यांनीही बघायचा असतो.

७. पण खरा हिशोब माझ्याशी आहे. त्या दिवशी लेन कोरडी पडत चालली होती. कोरड्या लेनवर बॉल घासला तर तो आणखी आधी पकडतो, म्हणजे घासणाऱ्याचेच नुकसान. हे पंचाला कळायची गरज नव्हती. माझ्या मुलीला ते पक्के ठाऊक होते, कारण तिला मी शिकवले होते. ती असले मूर्ख काम करणे शक्य नव्हते. दुनियेत एक माणूस हे तिथल्या तिथे ओळखू शकत होता, तो रागाने लाल होऊन गाडीचे दार आपटत होता. चाळीस वर्षे कव्हरे वाचली आणि स्वतःच्या पोरीवर शंका घेतली. मला माझी लाज वाटते.

म्हणून मुलीला चाक, चिठ्ठी, निळा बॉल आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर देतो. उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. आणि तूही घासला नव्हतास. सगळे पाहून झाल्यावर बॉल धुवायचा की नाही, ते तू ठरव.

८. हे सर्व पार पाडण्याचे काम कारागीर बाईंनी करावे. साक्षीदारांना मी मजकूर वाचून दाखवला. डॉक्टरांनी लगेच सही केली. नव्या हॉलमध्ये लेनला तेल लावणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "काका, हे तिनं तुम्ही गेल्यावर वाचायचं? मग ती कोणाशी भांडेल? आधी फोन करा. मग करते सही." मी त्यांना माझ्या घरात मला अक्कल शिकवू नका असे सुनावले. त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या सहीशिवाय हा कागद कुचकामी आहे.

ठिकाण: माझी मागची खोली, मशीनशेजारचे बाक.
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही सकाळी अकरा वाजता माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसऱ्या: लेनला तेल लावणारी. सही साडेबारा वाजता केली, फोन झाल्यावर. फोन मुलीने उचलला. मग काका "नाही" म्हणाले. हे माझ्यासमोर झाले.