पाण्याची खूण

१२ एप्रिल
आलो एकदाचा! टेम्पोतून आरामखुर्ची, कुंदाचा फोटो आणि शाळेतली कवितांची पुस्तकं उतरवली. मार्गासनीच्या वरच्या अंगाचं हे भाड्याचं घर, तोरणा दिसतो म्हणून घेतलं. संसार अर्ध्यावर टाकून कुंदा गेल्यापासूनचा थकवा झोपूनही जात नाही. खिडकीत बसून चौथीतल्या कविता म्हणाव्यात, एवढाच बेत. पण काचांवर खालून वीतभर पांढरट डाग. बोअरच्या पाण्याचे क्षार असणार.

१३ एप्रिल
व्हिनेगरचं ओलं फडकं काचेला चिकटवून ठेवलं, लिंबाच्या फोडीने घासलं, वर्तमानपत्राने कोरडं केलं. खांदे भरून आले, पण पाटी पुसल्यासारखा तोरणा लख्ख उमटला.

१४ एप्रिल
डाग परत. चार बोटं वर. सगळ्या खिडक्यांवर एकाच पातळीत, पट्टीने आखल्यासारखी रेघ. कामाला येणाऱ्या रतनबाई म्हणाल्या, "आजोबा, ह्यो डाग न्हाई. पाणी कुठवर चढलं त्याची खूण हाय. पुसली, की ते परत मोजाय येतं." मी हसलो. धरण खाली दरीत, तेही आटलेलं. त्यांचं जुनं गाव शाळेसकट त्यात बुडालंय म्हणे. जाताना माझी लिंबं घेऊन गेल्या.

१६ एप्रिल
काल व्हिनेगर उरलं होतं. पुसलं. आज रेघ कडीपर्यंत. आतल्या भिंतीवर, कुंदाच्या फोटोच्या काचेवरही. स्वानंदला फोन केला. चिरंजीव म्हणाले, बाबा, डोळे तपासून घ्या, रविवारी येतो.

१७ एप्रिल
काल हात लावला नाही. रेघ जागची हलली नाही. दुपारी डुलकी लागली, तर खालून, धरणाच्या अंगाने, मुलं कविता म्हणत होती. एका सुरात. माझ्याच पुस्तकातली, चौथीची. शेवटचं कडवं नीट ऐकू येईना—

१८ एप्रिल
पुसली. थोडीशीच, कान लावण्यापुरती.

१९ एप्रिल, रविवार
खुर्चीतच झोप लागली होती. सदरा ओला. तोरणा धूसर. खिडकी पुसली, फरक नाही. मग चष्मा काढला. दोन्ही भिंगांवर पांढरी रेघ.
म्हणजे पाणी इथवर—

दुपार
फोन आला, स्वानंदने नसरापूर सोडलंय. तोवर कशालाच हात लावायचा नाही.
अक्षरं दिसेनात म्हणून चष्मा— सवयीने, सदऱ्याच्या टोकाने— पुसून बसलो.

मुलं शेवटच्या ओळीपाशी थांबलीत. माझ्यासाठी.
पाय गार. गुडघे—
स्वानंद, आलास की काच पुसू न—