जुईच्या खोकल्याचा ठराव

दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. उपनिबंधक,
सहकारी संस्था, ठाणे.

अर्जदार : श्रीमती विमल शांताराम घवाळी, नवदीप्ती सहकारी गृहनिर्माण संस्था, खोपट, ठाणे (प.)

विषय : माझ्या नातीने न दिलेली संमती संस्थेच्या इतिवृत्तातून काढून टाकणेबाबत.

संदर्भ : संस्थेच्या सूचनाफलकावर लावलेले विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त.

महोदय,

मी एस.टी.च्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले असून अर्ज थोडक्यात असावा हे मला ठाऊक आहे. हा तसा नाही. त्याची जबाबदारी आमच्या कार्यकारिणीने घ्यावी.

१. माझी नात कु. जुई, वय वर्षे नऊ, हिला लहानपणापासून दमा आहे, आणि तितक्याच जुन्या काळापासून तिला कुत्रा हवा आहे. माझा मुलगा मितेश व सून कल्पिता यांनी पुष्कळ टाळले. शेवटी जुईवर उपचार करणाऱ्या डॉ. चित्रा नाडगौडा यांना विचारले. त्यांनी सांगितले की, दमेकऱ्याला हमखास चालेल अशी कुत्र्याची जात जगात नाही. त्रास होतो तो कातडीच्या कोंड्याने आणि लाळेने, आणि तो कुत्र्यागणिक कमी-जास्त असतो. तेव्हा जात निवडू नका, कुत्रा निवडा, व आधी मुलीला त्याच्यापाशी बसवून पाहा.

२. तरीही मितेशने डोंबिवलीतील एका विक्रेत्याकडे कुरळ्या केसांचे पिल्लू पाहिले. याचे केस गळत नाहीत, हे दमेवाल्यांसाठीच असते, असे त्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले. पिल्लू मांडीवर घेऊन अर्धा तास होत नाही तोच जुईची छाती शिटीसारखी वाजू लागली व पंप द्यावा लागला. विक्रेत्याचे म्हणणे पडले की मुलीला एसीची सवय नसावी.

३. मे महिन्यात आम्ही खडवलीला माझी धाकटी जाऊ गंगुबाई हिच्याकडे राहिलो. तिच्याकडे शकू नावाची गावठी कुत्री आहे. आखूड केसांची, पोक्त, कोणाच्या अंगावर न जाणारी. जुई सुट्टीभर तिच्याबरोबर अंगणात होती व तिला काही झाले नाही. डॉक्टरांनी त्वचेची चाचणी घेतली, गणपतीच्या सुट्टीत पुन्हा तिथे राहायला लावले, आणि मग अटी घातल्या : कुत्री झोपायच्या खोलीत येणार नाही, तिला दर आठवड्याला आंघोळ, जुईचे औषध बंद नाही, आणि त्रास दिसताच कुत्री परत. गंगुबाईने शकू आमच्या स्वाधीन केली व ती स्वतः दोन दिवस जेवली नाही, असे नंतर कळले.

४. शकू आल्यानंतर संस्थेचे पहिले पत्र आले. मी जिन्यात "शकू, चल" अशी हाक मारलेली कोणी ऐकली असावी. पत्रात 'शकू नामक महिला भाडेकरूची पोलीस पडताळणी' सादर करण्यास सांगितले होते. मी तिचा महापालिकेचा परवाना व लसीकरणाचा दाखला सादर केला. चूक झाली असे कोणी म्हटले नाही. त्याऐवजी तीन सदस्यांची 'श्वान निरीक्षण उपसमिती' नेमण्यात आली.

५. ही उपसमिती नवरात्रात आमच्या घरी आली. सदस्या सौ. करिश्मा वायंगणकर टेंभी नाक्याच्या देवीला निघाल्या होत्या. त्यांनी अंगावर इतके अत्तर ओतले होते की त्या दाराबाहेर असतानाच आत कळले. त्या जुईशेजारी बसल्या. जुई खोकू लागली. शकू त्या वेळी बाल्कनीत, बंद दाराआड होती. अहवालात नोंद झाली : 'निरीक्षणादरम्यान श्वानामुळे बालिकेस खोकला.' अध्यक्ष श्री. दौलत रहाटे यांनी त्या अहवालाखाली 'पाहिले' असे लिहून सही केली. ते त्या दिवशी गावाला होते.

६. दिवाळीनंतर श्री. रहाटे यांच्या आदेशावरून आमच्या खिडकीखाली पालापाचोळा, फटाक्यांचे कागद आणि एक जुनी प्लॅस्टिकची खुर्ची जाळण्यात आली. जुईला त्या संध्याकाळी रुग्णालयात न्यावे लागले. ओठ निळसर झाले होते. रिक्षात तिला मांडीवर धरून मी वाटेल ते देवाला कबूल केले. फटाक्यांच्या आवाजामुळे शकूला त्या आठवड्यात खडवलीला ठेवले होते. हे मी श्री. रहाटे यांना सांगितले असता कुत्रीचे केस घरात राहिले असतील, असा त्यांनी खुलासा केला. धुराबद्दल आम्ही गेली पाच वर्षे तक्रार करीत आहोत. त्यावर 'सहकार्य करावे' एवढेच उत्तर मिळत आले आहे. माझ्या नातीच्या फुप्फुसांची काळजी या संस्थेला कुत्री आल्यावर प्रथमच वाटली, याची कृपया नोंद घ्यावी.

७. यानंतर विशेष सर्वसाधारण सभा झाली. श्री. रहाटे सर्वांसमोर मला म्हणाले, "आजी, लेकराच्या जिवापेक्षा कुत्रा मोठा आहे का?" पुष्कळ माना हलल्या. ज्यांनी माना हलवल्या त्यांतील एकही जण त्या संध्याकाळी खुर्ची विझवायला खाली उतरला नव्हता. मी उत्तर देणार तोच जुई उभी राहिली. रुग्णालयातून आल्याला तिला थोडेच दिवस झाले होते. ती म्हणाली, "शकूमुळे मला त्रास झाला तर मीच तिला खडवलीला सोडून येईन. पण काका, मला खोकला कशाने येतो ते आधी बघा ना." अध्यक्षांनी चहा मागवला.

८. संदर्भीय इतिवृत्तात यावर पुढील वाक्य आहे : 'कु. जुई घवाळी हिने श्वान सोडण्यास सभेत स्वखुशीने संमती दिली, सबब ठराव एकमताने मंजूर.' मी नोकरीत अनेक इतिवृत्ते पाहिली आहेत. त्यांत मोठ्या माणसांची विधाने वाकवलेली असत. नऊ वर्षांच्या मुलीचे विधान मोडण्याइतकी गरज तिथे कोणाला पडली नव्हती. जुईने हा कागद शाळेतून येताना वाचला. वर येऊन तिने मला विचारले, "आजी, मी असं म्हणाले का?" तिला स्वतःबद्दलच शंका आली होती. त्या रात्री ती शकूजवळ गेली नाही.

९. ठराव वैध की अवैध, हे आपण कायद्याप्रमाणे ठरवावे. शकूला ठेवायचे की नाही, हे डॉ. नाडगौडा ठरवतील. त्यांनी मागच्या आठवड्यात जुईला तपासले. श्वास पूर्वीइतकाच आहे, सुधारला नाही, बिघडलाही नाही, असे त्या म्हणाल्या. उद्या त्या नको म्हणाल्या तर आम्ही शकूला त्याच दिवशी परत नेऊ, आणि रडायचे ते घरात रडू. त्यासाठी आम्हाला उपसमिती नको.

माझी विनंती एवढीच आहे. वरील वाक्य इतिवृत्तातून काढावे, जुई जे म्हणाली ते तिच्या शब्दांत पूर्ण लिहावे, आणि तो कागद त्याच फलकावर लावण्याचा आदेश संस्थेस द्यावा. कागद खालच्या बाजूस लावावा, म्हणजे तिला टाचा न उंचावता वाचता येईल.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,

(सही)
विमल शांताराम घवाळी

सोबत :
१) डॉ. नाडगौडा यांचे पत्र
२) इतिवृत्ताचे छायाचित्र
३) उपसमितीचा अहवाल
४) रुग्णालयाचा कागद